निसर्ग शिकायला किती पैसे लागतात?

सुट्टी तोंडावर आली की निसर्गशिबिरांची पत्रकं यायला लागतात. वर वाघ, मध्ये तंबू, खाली ठळक आकडा आणि आकड्याच्या खांद्यावर बारीक चांदणी. चांदणीचा खुलासा पत्रकाच्या तळाशी, भिंग लागेल अशा अक्षरांत असतो: जीएसटी, प्रवास, प्रवेशशुल्क वेगळं. हा लेख त्या चांदणीबद्दल आहे.

तुम्ही शिक्षक असा, पालक असा किंवा कॉलेजात शिकत असा. महाराष्ट्रात पर्यावरण शिकण्या-शिकवण्याच्या बऱ्याच संधी फुकट आहेत, काही अगदी स्वस्त आहेत. ज्या महाग आहेत त्यांतही शिकवण्याचा खर्च थोडा असतो. वाहतूक, जेवण आणि मधला माणूस यांचाच जास्त. म्हणून आधी फुकटचं बघू.

खिशाला हात न लावता

झाडापासून सुरुवात करा. ‘सीझनवॉच’ हा देशभर चालणारा उपक्रम आहे आणि शाळेची नोंदणी मोफत आहे. एक झाड निवडायचं. दर आठवड्याला त्याची पानं, कळ्या, फुलं, फळं बघायची आणि प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडं’ किंवा ‘भरपूर’ यांपैकी एक नोंदवायचं. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. एकच अडचण आहे. बहावा फुलतो एप्रिल-मे महिन्यांत, आणि मेमध्ये शाळेला कुलूप असतं. म्हणून शाळेच्या आवारातलं झाड न घेता एखाद्या मुलाच्या घराजवळचं घ्या, म्हणजे सुट्टीतली नोंद चुकणार नाही.

पक्ष्यांसाठी फेब्रुवारीतली ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’. चार दिवस चालते. कुठेही निदान १५ मिनिटं उभं राहून दिसलेले पक्षी मोजायचे आणि यादी ‘ई-बर्ड’वर चढवायची. कॉलेजांसाठी त्याच दिवसांत परिसरातली पक्षीगणना असते. कुणाचंही शुल्क नाही, कुणी मागितलं तर देऊ नका. दुर्बिणीवर लगेच खर्च करू नका. ८×४० किंवा ८×४२ मापाची कामचलाऊ चांगली दुर्बीण पाच ते दहा हजारांत येते आणि सात-आठ मुलांत एक पुरते. रस्त्यावर मिळणाऱ्या, ‘१०० पट जवळ’ असं लिहिलेल्या दुर्बिणी घेऊ नका. त्यांत हात हलला की पक्षी गेला.

१ ते ७ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह आणि ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. पक्षी सप्ताह निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनी सुरू होतो, पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या जन्मदिनी संपतो. या दोन आठवड्यांत वन विभाग आणि स्थानिक संस्था शाळांसाठी फेऱ्या, व्याख्यानं, चित्रप्रदर्शनं ठेवतात. बहुतेक विनामूल्य. पक्षी सप्ताह दिवाळीच्या सुट्टीत सापडला तर शाळा बंद असते. मग मुलांना थेट घेऊन जा, शाळेच्या पत्राची गरज नाही. त्या आठवड्याची वाट बघत बसू नका. पंधरा दिवस आधी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. फोनपेक्षा प्रत्यक्ष गेलेलं बरं.

शाळेला स्वतःचीच तपासणी करायची असेल तर दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’चा ‘ग्रीन स्कूल्स’ कार्यक्रम घ्या. हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी, कचरा अशी सहा खाती. मुलं नळ मोजतात, कचरा वजन करतात, वीजबिल वाचतात आणि आकडे ऑनलाइन भरतात. शेवटी शाळेला हिरवा, पिवळा, नारंगी किंवा लाल रंग मिळतो. नोंदणी मोफत. वेळ मात्र लागतो, निदान दोन महिने धरा आणि काम एकाच शिक्षकाच्या गळ्यात घालू नका. पहिल्या वर्षी लाल रंग आला तर लपवू नका. पुढच्या वर्षी फरक दाखवायला तोच कामाला येतो. ‘विप्रो अर्थियन’लाही शुल्क नाही. त्यात पाणी, कचरा, जैवविविधता अशा विषयांवर मुलांचे गट प्रकल्प करतात. अहवाल नेटका हवा, छापखान्यातून रंगीत करून आणलेला नको.

शिकवण्याचं साहित्य विकत घेण्याआधी राज्य शासनाच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाचा अभ्यासक्रम आणि ‘दीक्षा’ हे व्यासपीठ बघा. दोन्ही फुकट. बाजारातले ‘पर्यावरण किट’ म्हणजे बहुधा चार तक्ते, दोन कुंड्या आणि बियांची पाकिटं.

शाळेला मिळणारे पैसे

शाळा सरकारी असेल तर आधी हे तपासा. ‘समग्र शिक्षा’त युवा व इको क्लबसाठी तरतूद आहे: प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १५,००० पर्यंत, माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० पर्यंत. गटसाधन केंद्रात जाऊन तुमच्या शाळेचं नाव यादीत आहे का ते विचारा. सोबत यू-डायसचा ११ अंकी क्रमांक न्या, त्याशिवाय कुणी फाइल उघडत नाही. याखेरीज ‘राष्ट्रीय हरित सेना’ ही २००१-०२ पासूनची केंद्राची योजना आहे. राज्यात तिचं काम सामाजिक वनीकरण विभागाकडे आलं, तेव्हा त्या कार्यालयातही एक चक्कर मारा.

निधी अनेकदा वर्षाच्या शेवटी येतो आणि मार्चअखेर संपवायचा असतो. मग घाईघाईत बॅनर छापले जातात. हे टाळायचं तर खर्चाची यादी जुलैमध्येच करून शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन ठेवा. झारे, खुरपी, शेणखत, रोपं, पाणी तपासायचे साधे संच, नोंदवह्या. प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल घ्या. विनियोग प्रमाणपत्र देताना कच्च्या पावत्या चालत नाहीत आणि फरकाची रक्कम मुख्याध्यापकांच्या खिशातून जाते. ‘तुमच्या क्लबचं सगळं आम्ही करून देतो, निधी आमच्या नावावर वळवा’ असं सांगणारे पुरवठादार प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना दारातूनच नमस्कार करा.

मुलाला थेट पैसे मिळण्याची वाट ‘इन्स्पायर अवॉर्ड - मानक’. सहावीपासून पुढच्या मुलांनी स्वतःची कल्पना मांडायची. निवड झाली तर नमुना बनवायला १०,००० रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. कचरा, पाणी, शेती, प्रदूषण या विषयांतल्या कल्पना इथे चांगल्या बसतात. नामांकन शाळेने करायचं, एका शाळेला पाच कल्पना पाठवता येतात, अर्ज ऑनलाइन, शुल्क नाही. बहुतेक वर्षी पावसाळ्यात नोंदणी चालू असते. खातं मुलाच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. नाव शाळेच्या रजिस्टरवर एक, आधारवर दुसरं आणि पासबुकावर तिसरं, असं असेल तर पैसे अडकतात. जूनमध्येच तिन्ही कागद शेजारी ठेवून स्पेलिंग जुळवा. सायबर कॅफेत ‘तयार कल्पना’ पाचशे-हजारांत विकल्या जातात. परीक्षकांनी तीच कल्पना आधी दहा वेळा पाहिलेली असते.

सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ ती घेतं. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. प्रकल्पाचा विषय बहुधा परिसराशी जोडलेला असतो आणि परीक्षा मराठीतून देता येते. स्पर्धेचं शुल्क डोळ्यांत भरण्यासारखं नसतं. खर्च चढतो तो शिकवणीचा. लेखी परीक्षेची शिकवणी लावायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण प्रकल्पासाठी शिकवणी लावू नका. मुलाखतीत ‘ही मोजणी कोणत्या दिवशी केलीस?’ एवढं विचारलं की सगळं उघडं पडतं.

अकरावी-बारावीच्या ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या श्रेणी विषयाचंही तेच. प्रकल्पाच्या वह्या झेरॉक्सच्या दुकानात बांधून तयार मिळतात. त्यात ‘माझ्या गावातली नदी’ म्हणून जी असते ती कुठल्याच गावात नसते. त्याच पैशांत चार बसभाडी होतात. जवळच्या ओढ्यापाशी तीनदा जाऊन या, फोटो काढा, दोन शेतकऱ्यांशी बोला, वही भरते.

एका दिवसात, कमी पैशांत

जाण्याआधी बंदचा वार बघा. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. पुण्यात कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद. गोव्यात बोंडला अभयारण्य गुरुवारी बंद. सिंधुदुर्गातून बोंडल्याला निघालेली बस फाटकावरून परत येते ती याच कारणाने.

बोरिवलीत फाटकाच्या तिकिटावर पुढची तिकिटं चढत जातात: आतली बस, सफारी, कान्हेरीचं वेगळं. कान्हेरी लेणी पुरातत्त्व खात्याची आहेत, उद्यानाच्या तिकिटात ती येत नाहीत. पर्यावरण शिकवायला नेत असाल तर सफारी सोडून द्या. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राशी आधी बोला, वाटाड्यासह पायवाट ठरवून घ्या. कमी पैशांत जास्त दिसतं.

गोरेगावला फिल्म सिटी रस्त्यावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं संवर्धन शिक्षण केंद्र आहे, उद्यानाला लागूनच. शाळांसाठी अर्ध्या दिवसाचे कार्यक्रम होतात. तारीख मिळायला वेळ लागतो, सहा आठवडे आधी पत्र टाका. धारावी-माहीमच्या सीमेवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलेलं जंगल आहे. ‘कचरा’ हा धडा शिकवायला याहून चांगला वर्ग मुंबईत नाही, आणि सायन स्थानकावरून तिथे पोचायला भाडंही नावापुरतं लागतं.

ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र कांदळवन प्रतिष्ठान चालवतं. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला तिथून बोट निघते. इथे पहिला प्रश्न पैशांचा नाही, भरतीचा आहे. बोट भरती-ओहोटीच्या वेळांवर सुटते. शाळेच्या सोयीची दहाची वेळ त्या दिवशी नसेलच, असं धरून चाला. मुलांची संख्या जास्त असेल तर तुकड्या पाडाव्या लागतात आणि एक तुकडी पाण्यावर असताना दुसरी प्रदर्शनात असते. बसवाल्याला थांबण्याचे तास आधीच सांगा, नाहीतर खोळंब्याचे पैसे निघतात.

नाशिककडच्यांसाठी नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी-कादवाच्या संगमावरचं. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलेलं राज्यातलं हे पहिलं पाणथळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, चापडगावच्या बाजूने. स्थानिक वाटाड्या घ्याच. त्याचे पैसे वाचवले तर मुलांना ‘तिकडे काहीतरी पांढरं आहे’ एवढंच दिसतं.

बस, रेल्वे आणि चाळीस मुलांचा हिशेब

शैक्षणिक सहलीसाठी एसटी प्रासंगिक करारावर गाडी देते आणि शाळांना भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. आगारात मुख्याध्यापकांचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि सहलीची परवानगी द्यायची, आगाऊ रक्कम भरायची. तीन गोष्टी तिथेच लिहून घ्या. किलोमीटर आगारापासून आगारापर्यंत मोजले जातात की शाळेपासून? दिवसाचे किमान किलोमीटर किती धरले आहेत? थांबण्याचा आकार ताशी किती? डिसेंबर-जानेवारीत गाड्या संपतात, तेव्हा दिवाळीनंतर लगेच अर्ज टाका.

रेल्वेत शैक्षणिक सहलीला दुसऱ्या आणि शयनयान वर्गात ५० टक्के सवलत आहे. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळेच्या मुलांना वर्षातून एकदा अभ्यास सहलीसाठी दुसऱ्या वर्गात ७५ टक्के. ही सवलत मूळ भाड्यावर असते. आरक्षण आणि सुपरफास्टचा आकार पूर्ण भरावा लागतो. अर्जाचा नमुना स्थानकात मिळतो, शाळेचा शिक्का लागतो आणि काम खिडकीवर होतं, मोबाइलवर नाही.

खासगी बस घेणार असाल तर कंत्राटी परवाना, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती मागा. टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि मुक्काम कोण देणार ते कागदावर आणा.

आता चांदणीचा हिशेब. आकडे कल्पित आहेत, पण चाल खरी. समजा आयोजकाने ‘फक्त १,४०० रुपये’ सांगितलं. ४० मुलं, म्हणजे ५६,०००. चार शिक्षक ‘फुकट’. जीएसटी ५ टक्के, २,८००. चालकाचा भत्ता व पार्किंग १,५००. प्रवेशशुल्क माणशी १०० प्रमाणे ४४ जणांचे ४,४००, कारण फुकटचे शिक्षक इथे मोजले जातात. वाटेतला नाश्ता ६० प्रमाणे २,६४०. बेरीज ६७,३४०, मुलामागे जवळपास १,६८४ रुपये. पालकांना तुम्ही १,४०० सांगून बसलात तर वरचे ११,३४० कुठून आणणार? म्हणून आयोजकाला एकच वाक्य लिहून पाठवा: ‘फाटकातून निघून फाटकात परत येईपर्यंत, सगळ्या करांसह, मुलामागे एकूण किती?’ उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी आलं पाहिजे. ‘अंदाजे’ हा शब्द असेल तर पुन्हा विचारा.

परवानगीकडे दुर्लक्ष करू नका. शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, प्रत्येक पालकाचं संमतिपत्र, मुली असतील तर सोबत शिक्षिका, प्रथमोपचार पेटी, मुलांचे रक्तगट आणि ॲलर्जीची यादी. सहल सक्तीची करता येत नाही. ‘गुण कापू’ असं कुणी म्हटलं तर पालकांनी लेखी मागावं, म्हणजे विषय तिथेच संपतो. शिबिरात रॅपलिंग, झिपलाइन, ट्रेक असेल तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्राची प्रत मागा. ‘प्रक्रियेत आहे’ हे उत्तर म्हणजे नाही.

वेळास आणि ताडोबा

या दोन नावांवर सर्वांत जास्त पैसे उडतात, म्हणून थोडं सविस्तर.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी तिथे सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी जपली, त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. हंगाम साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. कुंपणातल्या घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळी आणि संध्याकाळी कार्यकर्ता ती उचलतो. खाली वाळू खचलेली असेल तर पिल्लं वर आलेली असतात, नसेल तर टोपली पुन्हा तशीच ठेवतो. अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, वाळू गार असली की लांबतं. त्यामुळे अमुक तारखेला पिल्लं दिसतीलच असं कुणीही सांगू शकत नाही. ‘हमखास दर्शन’ म्हणून जास्त पैसे घेणारा आयोजक तुम्हाला फसवतो आहे.

राहायचं गावातल्या घरीच. थेट घरमालकाशी बोला, दर माणशी आहे की खोलीमागे, त्यात किती जेवणं, मुलांना अर्धा दर का, हे विचारा. शहरातला आयोजक हेच घर घेतो आणि वर बस व स्वतःचा नफा लावतो. बस हवी असेल तर ठीक, स्वतःची गाडी असेल तर कशाला? रोख पैसे सोबत ठेवा. आणि शाळेच्या नावाने नेणार असाल तर आधी शिक्षण विभागाशी बोला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलींबाबत नियम कडक आहेत. वेळासला कुटुंबांनी मिळून जाणं सोपं.

ताडोब्याचं गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद. सफारीचे पैसे तीन तुकड्यांत जातात: प्रवेश, जिप्सी, वाटाड्या. शनिवार-रविवारचा दर वेगळा. जिप्सीत सहा जण बसतात, चारच असाल तरी गाडीचे पूर्ण पैसे. आरक्षण अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः करा. आरक्षणात दिलेलं ओळखपत्रच फाटकावर मूळ स्वरूपात दाखवावं लागतं, म्हणून दुसऱ्याच्या नावाचं ‘शिल्लक तिकीट’ घेऊ नका. मोबाइल आत नेता येत नाही.

माझं मत विचाराल तर शाळेसाठी वाघाची सफारी हा वाईट सौदा आहे. मुलं तीन-चार तास गप्प बसून धूळ खातात आणि वाघ दिसला नाही तर ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परततात. चंद्रपूरकडच्या, प्रकल्पालगतच्या गावांतल्या शाळांनी मात्र ‘चला माझ्या ताडोबाला’ या वन विभागाच्या उपक्रमाची चौकशी क्षेत्रसंचालकांच्या कार्यालयात जरूर करावी, तो खास त्यांच्याच मुलांसाठी आहे. नागपूरकडच्यांनी पेंचचा विचार करा. २०२४ मध्ये त्याला रात्रीच्या काळोख्या आकाशाचा दर्जा मिळाला, तेव्हा दिवसा जंगल आणि रात्री तारे असा दुहेरी धडा एका भाड्यात होतो.

शिक्षकांनी प्रमाणपत्रावर पैसे घालण्याआधी

आधी स्वतःला विचारा: मला शिकायचं आहे की कागद हवा आहे?

कागद हवा असेल तर नीट ऐका. १२ वर्षांनंतरच्या वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरच्या निवड वेतनश्रेणीसाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं प्रशिक्षण लागतं. गेल्या काही फेऱ्यांत त्याचं शुल्क २,००० रुपये होतं. खासगी संस्थेचं ‘पर्यावरण शिक्षक’ प्रमाणपत्र कितीही सोनेरी असलं तरी तिथे चालत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे, त्याचा हवाला देऊन अनेक कार्यशाळा विकल्या जातात. तास धरले जाणार का, हे आयोजकाला नाही, तुमच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला (डाएट) विचारा. कामाच्या दिवशी जाणार असाल तर आदेश आधी हातात घ्या, नाहीतर किरकोळ रजा जाते.

शिकायचंच असेल तर सर्वांत स्वस्त ‘स्वयं’ आणि ‘एनपीटेल’. पर्यावरण, परिसंस्था, कचरा व्यवस्थापन असे अभ्यासक्रम आहेत, ऐकणं फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षा, एनपीटेलच्या एका विषयाला १,००० रुपये. गृहपाठाला २५ पैकी निदान १० आणि परीक्षेला ७५ पैकी निदान ३० गुण हवेत. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, तेव्हा जवळचं केंद्र आधी बघा. शंभर किलोमीटर दूर असेल तर भाडं धरून हिशेब करा. इग्नूचं पर्यावरण अभ्यासाचं प्रमाणपत्र किमान सहा महिन्यांचं. मुंबई, पुणे, नागपूर इथे प्रादेशिक केंद्रं आहेत.

प्रत्यक्ष जंगलात शिकायचं तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १८८३ पासूनची संस्था, फोर्टमध्ये लायन गेटजवळ हॉर्नबिल हाउस. पक्षी, वनस्पती, कीटक, सरपटणारे प्राणी असे स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात. नोकरी करणाऱ्यांना झेपतील अशा वेळा असतात. सदस्य झालात तर कार्यक्रमांत सवलत मिळते आणि ‘हॉर्नबिल’ नियतकालिक घरी येतं. एकाहून जास्त उपक्रम करणार असाल तरच सदस्यत्व परवडतं.

पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली इकॉलॉजिकल सोसायटी वर्षभराचा अभ्यासक्रम घेते. माझ्या पाहण्यात शिक्षकाच्या डोक्यात खरोखर फरक पाडणारा हा प्रकार आहे, पण सुट्ट्यांवर पाणी सोडायची तयारी हवी. पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण हवं असेल तर भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था. १९९३ ची, डॉ. इराच भरुचांनी उभी केलेली. इथले खर्च पूर्ण वेळ अभ्यासक्रमाचे, शिक्षकाच्या सुट्टीतल्या छंदाचे नव्हेत. ठाण्यात पर्यावरण दक्षता मंच ‘आपलं पर्यावरण’ हे मराठी मासिक काढतं. वर्गणी भरा, वर्षभराचे धडे घरी येतात.

कुठेही नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारा. क्षेत्रभेटींचं शुल्क मूळ शुल्कात आहे की वेगळं? उपस्थिती कमी पडली तर पैसे परत की पुढच्या तुकडीत जागा? जेवण-मुक्काम? मैदानी शिबिरांचा खर्च बऱ्याचदा अभ्यासक्रमाच्या शुल्काइतकाच होतो आणि तो तिसऱ्या महिन्यात कळतो.

‘देणगी’चीही एक युक्ती आहे. काही आयोजक शुल्काऐवजी देणगीची पावती देतात आणि ‘८०-जीत सवलत मिळेल’ म्हणतात. तुम्ही शिबिराच्या बदल्यात पैसे देत असाल तर ती देणगी नव्हे. अशी सवलत घेऊ नका, आयकराची नोटीस आली तर आयोजक फोन उचलत नाही.

रद्द झालं तर

पावसाने रस्ता बंद झाला, मूल आजारी पडलं, वन विभागाने प्रवेश थांबवला, आयोजकाची तुकडी भरली नाही. या चार प्रसंगांत किती पैसे परत, हे नाव नोंदवतानाच लिहून घ्या. चौथ्या प्रसंगात पूर्ण पैसे परत मिळालेच पाहिजेत, ‘पुढच्या शिबिरात जमा’ हा पर्याय तुमचा, त्यांचा नव्हे. सगळी रक्कम एकदम भरू नका, तिसरा हिस्सा आधी आणि उरलेली निघण्याच्या आठवड्यात. शक्यतो संस्थेच्या खात्यात भरा, संयोजकाच्या वैयक्तिक क्रमांकावर नको.

जंगलालगत गेलात तर वन विभागाचा १९२६, रुग्णवाहिकेचा १०८ आणि बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांक प्रत्येक शिक्षकाच्या खिशात कागदावर लिहिलेले असू द्या. जंगलात रेंज गेली की वाटाड्याकडून निरोप पाठवावा लागतो, तेव्हा वाटाड्याचं नावही त्याच कागदावर लिहा.

पैसे अडकले तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच फोन येतो. नाही आला तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात दाखल करायला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची. सोबत पत्रक, पावती, बँकेची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचा तो ‘सगळ्या करांसह’चा निरोप जोडा. पत्रकाचा फोटो काढताना तळाच्या बारीक ओळीही येऊ द्या.